रोल घरी धुताना

खोलीत लख्ख उजेड असतो, पण हात कोपरापर्यंत काळ्या कापडाच्या दुहेरी पिशवीत. चाचपडत रोलची डबी उघडायची, फिल्मची पट्टी बाहेर काढायची आणि तिचं टोक प्लॅस्टिकच्या चकरीच्या खाचेत सरकवायचं. छत्तीस फोटोंची पट्टी दीड मीटरहून लांब असते. पावसाळ्यात घामट बोटांना ती चिकटते, मध्येच अडते. मग सगळी उलगडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जाणती मंडळी नवशिक्याला आधी एक वाया गेलेला रोल देतात. उघड्या डोळ्यांनी सराव, मग डोळे मिटून, मग पिशवीत.

एकेकाळी रोल धुवायला टाकला की काही दिवसांनी स्टुडिओतून फोटोंचं पाकीट यायचं. आता कोपऱ्यावरच्या स्टुडिओत ही सोय क्वचितच दिसते आणि रोलही महागले आहेत. त्यामुळे अनेक हौशी छायाचित्रकार रोल घरीच धुतात. खर्च वाचतो हे खरं, पण एकदा धुतलेला रोल फिल्म धुण्याच्या टाकीतून ओला बाहेर काढून पाहिला की माणूस या छंदात पुरता अडकतो.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांत इतका सूक्ष्म बदल होतो की डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपर त्याच कणांची काळी चांदी करतो आणि हायपो उरलेले क्षार विरघळवून टाकतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून वापरात आहे. इल्फर्डचा एचपी५ प्लस हा रोल त्यात २० अंशांना साडेसात मिनिटं ठेवायचा आणि दर मिनिटाला १० सेकंद टाकी उलटीसुलटी करायची. कृती एवढीच. अडचण २० अंशांची! मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच तिशी ओलांडतं. मग बादलीत बर्फ टाकून त्यात रसायनांच्या बाटल्या उभ्या करायच्या आणि थर्मामीटरवर नजर ठेवायची.

घरात फिल्म धुण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या फिल्मला कडेची भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं दादरच्या राहत्या घरात सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली आणि केली. आज स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोजपात्रं मांडणाऱ्या प्रत्येकाने हे नाव आदराने घ्यावं.

कोडाक्रोम या रंगीत फिल्मचं नेमकं उलट झालं. ती धुण्याची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची की घरी करणं जवळजवळ अशक्य. कोडॅकने २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला आणि त्यातले काही फोटो त्यांनी मुंबईत चित्रपट कलावंतांचे काढले. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणं बंद केलं, आणि कोडाक्रोमचे रंग तिथेच संपले.

पोलरॉइड मात्र हौसेपोटी वाचला. कंपनीने २००८ मध्ये झटपट फोटोची फिल्म बंद करायची ठरवली, तेव्हा काही जणांनी नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथल्या कारखान्याची यंत्रं ताब्यात घेतली. जुनी रसायनं मिळेनाशी झाली होती. त्यांनी नवी मिश्रणं शोधून २०१० मध्ये फिल्म पुन्हा बाजारात आणली. पुढे २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा काढला. त्यात ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघतात, आणि आजच्या दरात हा हिशोब फार मोलाचा आहे.

या छंदातली देवघेवही पाहण्यासारखी. एक जण रोल काढून, टोक बाहेर ठेवून गुंडाळतो आणि दुसऱ्या गावच्या मित्राला पाठवतो. तो त्याच पट्टीवर पुन्हा फोटो काढतो. एकाचा समुद्र दुसऱ्याच्या बाजारपेठेत मिसळतो. मुंबईत बोरा बाजारात जुने कॅमेरे पाहत फिरणारे एकमेकांना चटकन ओळखतात, आणि कुठला दुरुस्तीवाला शटर नीट करतो हे सांगायला हातचं राखत नाहीत.

घरच्या माळ्यावर आजोबांचा अॅग्फा क्लिक थ्री सापडला तर मागचं झाकण लगेच उघडू नये. आत रोल असू शकतो. चांदीच्या कणांतला तो न दिसणारा बदल कैक वर्षं टिकतो. काळवंडतो, पण अनेकदा पुरता पुसला जात नाही. असा रोल धुवायचा असेल तर रसायन ताजं घ्यावं, घाई करू नये. चौकोनी बारा चौकटींतल्या नऊ कोऱ्या निघतील, दहावीत लग्नाचा मांडव दिसेल, कडेला पदर सावरणारी कुणी बाई असेल. आणि ओली पट्टी न्हाणीघरात चिमट्याला लटकत असतानाच ती बाई कोण, हे विचारायला आजीला हाक मारावी लागेल.