मोटारीस रंग द्यावा कीं वेष्टन?



सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनीं मोटार उभी करण्याची हौस आपल्या प्रांताला अगदींच अपरिचित नाहीं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ च्या सुमारास ‘मीरा’ या छोट्या गाडीचा पहिला नमुना तयार केला व पुढें अनेक वर्षें ते तिच्यांत सुधारणा करीत राहिले. विलायतेंत १९५७ सालीं लोटस सेव्हन ही गाडी निघाली. तिचे सुटे भाग विकत घेऊन घरीं जोडले तर खरेदीवरील कर वाचत असे. त्यामुळें हौशी मंडळींत तिचा फार बोलबाला झाला. त्याच घाटाची ‘रोडस्टर’ नांवाची गाडी पुढें आपल्या अलिबागेस चिंकारा मोटर्सनें बनविली. तिचें अंग पत्र्याचें नसून फायबरग्लासचें, म्हणजे राळेंत बसविलेल्या काचतंतूंचें होतें.

अशी गाडी जुळविणाऱ्याचे महिनोन्‌महिने सांगाडा, यंत्र, तारा व चाकें यांत जातात. शेवटीं प्रश्न उरतो तो वरच्या पोशाखाचा. रंग द्यावा, कीं बाजारांत ज्याला ‘रॅप’ म्हणतात तें विनाइलचें पातळ वेष्टन चढवावें? धरमपेठेसारख्या वस्तींत घरापुढें अंगण असतें, रंगशाळा नसते; आणि उन्हाळा तर नागपूरचा. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर केवळ आवडीनिवडीनें देतां येत नाहीं.

प्रथम या दोन वस्तूंचें स्वरूप पाहूं. आजचा मोटारीचा रंग हा एक थर नसून थरांची मालिका असते: तळाशीं प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर चकाकीचा पारदर्शक लेप. या लेपांत ऐन वेळीं दुसरें द्रव मिसळतात व रासायनिक क्रियेनें तो कठीण होतो. विनाइल म्हणजे पीव्हीसी. हा पदार्थ मूळचा ताठर. तो लवचिक करण्याची युक्ति अमेरिकेंत वाल्डो सेमन यांना १९२६ मध्यें साधली. वेष्टनाचा पापुद्रा दोन रीतींनीं होतो. एका रीतींत पातळ द्रव पसरून वाळवितात, दुसरींत लगदा रुळांमधून दाबून काढतात. पहिला महाग, परंतु वळणांवर निमूटपणें बसणारा. दुसरा स्वस्त, परंतु मागें आकसण्याची त्याची ओढ पुष्कळ काळ टिकते. सपाट फलकास तो चालेल. मोटारीच्या गोलाईस चालणार नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. वेष्टन दोष झाकतें, ही समजूत चुकीची आहे. चिकटद्रव्य धरूनहि तें सुमारें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढें जाड असतें. खालीं खरखर, खड्डा किंवा वाळूचा एक कण राहिला तरी तो वर उठून दिसतो. रंगाच्या कामांत लांबी भरणें, घासणें, प्रायमर देऊन पुन्हां घासणें या पायऱ्या कामाचाच भाग असतात. वेष्टन चढविणाऱ्यास मात्र तयार पृष्ठभाग हातीं यावा लागतो. कारखान्यांतून रंगून आलेल्या गाडीला ही तयारी आयती मिळते, घरीं जुळविलेल्या गाडीला मिळत नाहीं. ‘वेष्टन स्वस्त पडतें’ हा हिशेब पहिल्या गाडीचा आहे. तो दुसरीला लावला म्हणजे फसगत ठरलेली.

फायबरग्लासची आणखी कांहीं खोड आहे. साच्यांतून अंग सुटावें म्हणून साच्याला मेण लावतात. त्याचा अंश अंगावर राहिला तर रंगहि धरत नाहीं आणि वेष्टनहि नाहीं. शिवाय वेष्टन वळणावर कायम बसावें म्हणून शेवटीं त्याला गरम हवेनें सुमारें ९० अंशांपुढें तापवावें लागतें. पत्रा ती उष्णता चटकन पसरवितो. फायबरग्लास ती एके जागीं साठवितो. हात जरा रेंगाळला कीं खालच्या राळेला इजा होते. कडा कापतांना सुरी खोल गेली तर ओरखडाहि कायमचा राहतो.

आणि मग ऊन. नागपुरांत मे २०१३ मध्यें पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ही हवेची उष्णता झाली. उन्हांत उभ्या गाडीचें बॉनेट त्याहून पुष्कळ तापतें, गडद रंगाचें असल्यास सर्वांत अधिक. ऊन व अतिनील किरण यांनीं विनाइल कालांतरानें फिकें व ठिसूळ होतें. म्हणूनच वेष्टनाचे कारखानदार दरवाजासारख्या उभ्या भागांपेक्षां बॉनेट व छप्पर यांना कमी मुदतीची हमी देतात. वेळेवर काढलेलें वेष्टन सबंध निघतें. फार दिवस भाजलेलें तुकड्यातुकड्यांनीं खरवडावें लागतें. रंगाचा वरचा लेपहि उन्हानें खराब होतो; परंतु चांगला लेप अधिक टिकतो व घासून पुन्हां उजळतां येतो.

मग रंगच घरीं फवारावा काय? तसें मुळींच करूं नये. त्या कठीण होणाऱ्या लेपांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांचा तुषार श्वासांत गेल्यास दमा जडूं शकतो, आणि एकदां तो जडला म्हणजे अल्पशा संपर्कानेंहि उसळतो. तोंडाला रुमाल बांधून किंवा धुळीचा साधा मुखवटा लावून हें संकट टळत नाहीं. फवारणाऱ्यास बाहेरची शुद्ध हवा नळीनें पुरवावी लागते. शेजाऱ्यांचीं मुलें जेथें खेळतात तें अंगण या कामाची जागा नव्हे. वेष्टनाच्या बाजूनें हा मुद्दा खरोखर मोठा आहे.

कायद्याचीहि एक गोष्ट ध्यानांत असावी. गाडीचा रंग नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो. तो पालटल्यास, मग तो वेष्टनानें कां असेना, परिवहन कार्यालयांत नोंद दुरुस्त करून घ्यावी. आणि घरीं जुळविलेली गाडी रस्त्यावर आणावयाची असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२६ व्या नियमान्वयें नमुन्याची चाचणी लागते. पुण्याची एआरएआय ही अशा चाचणीसंस्थांपैकीं एक. ही वाट मोकळी होण्याआधीं पोशाखावर पैसा ओतणें शहाणपणाचें नाहीं.

तात्पर्य काय? फायबरग्लासची राळ साच्यांतून निघाल्यावरहि उष्णतेनें आणखी घट्ट होते, किंचित् आकसते, आणि तंतूंची वीण वर उमटते. म्हणून नव्या अंगाला एक उन्हाळा साध्या प्रायमरवर काढूं द्यावा. नागपूरचा मे महिना एरवीं वैरी. येथें तो परीक्षकाचें काम करतो. त्यानंतर उमटलेले दोष घासून काढावे व योग्य रंगशाळेंत, शक्य तों फिक्या छटेचा, रंग द्यावा. ज्यांना पट्टे, आंकडे किंवा दोन वर्षांनीं पालटावयाची नक्षी हवी, त्यांनीं तेवढ्यापुरतें उंची वेष्टन, रंग पुरता मुरल्यावर, उभ्या भागांवर लावावें. मात्र दोहोंपैकीं कांहींहि निवडलें तरी खालचें घासकाम चुकत नाहीं. आणि अंगणांत बसून निर्धास्तपणें करतां येईल असें काम तेंच आहे, फक्त पाणी लावून घासावें, म्हणजे काचेची धूळ उडत नाहीं.