बॉक्स्टर, केमन आणि ‘एस’चा मोह : सुट्टीच्या स्पोर्ट्स कारची निवड

दोन आसनांची स्पोर्ट्स कार सहसा घरातली मुख्य गाडी नसते. शनिवार-रविवारी मोकळ्या रस्त्यावर केवळ चालवण्याच्या आनंदासाठी ती घेतली जाते, आणि म्हणूनच तिच्या निवडीत उपयुक्ततेच्या हिशेबापेक्षा आवडीचा वाटा मोठा असतो. उत्पादकांना हे पुरते ठाऊक असल्यामुळे ते एकाच गाडीच्या अनेक आवृत्त्या विक्रीस ठेवतात : एक मूळ, म्हणजे प्रमाण आवृत्ती, आणि तिच्यावर चढत्या शक्तीच्या व चढत्या किमतीच्या आणखी काही. अधिक शक्तीची गाडी ती अधिक चांगली, असे ग्राहक गृहीत धरतो. परंतु ही जादा शक्ती कोणत्या रस्त्यावर, किती वेळ आणि कशासाठी वापरली जाणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या समजुतीची सत्यता ठरवता येत नाही. पोर्शे या जर्मन कंपनीच्या बॉक्स्टर आणि केमन या गाड्यांचा सुमारे तीन दशकांचा इतिहास या प्रश्नाचा विचार करण्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तिथे प्रमाण आणि वेगवान या दोन्ही आवृत्त्या दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या.

१९९३ साली डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात बॉक्स्टरचे संकल्पनारूप प्रथम मांडले गेले, तेव्हा पोर्शे आर्थिक अडचणीत होती आणि ९११ या तिच्या प्रसिद्ध गाडीपेक्षा कमी किमतीची, नव्या ग्राहकांना जवळ आणणारी गाडी तिला हवी होती. १९९६ मध्ये ही गाडी प्रत्यक्ष बाजारात आली. तिचे इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे बसवलेले होते. या मांडणीमुळे गाडीचे सर्वांत जड अंग तिच्या मध्याजवळ येते आणि वळणावर गाडी चटकन दिशा बदलते. इंजिन ‘बॉक्सर’ प्रकारचे होते, म्हणजे त्यातील सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले होते, आणि त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहत असे. अडीच लिटरच्या या सहा सिलिंडरी इंजिनाची शक्ती २०४ मेट्रिक अश्वशक्ती होती, आणि थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला गाडीला ६.९ सेकंद लागत. गाडीची चौकट याहून बरीच अधिक शक्ती पेलू शकेल, असे मत त्या काळी वारंवार व्यक्त होत असे, आणि कंपनीनेही ते लवकरच खरे करून दाखवले.

१९९९ मध्ये बॉक्स्टर एस आली. तिचे इंजिन ३.२ लिटरचे आणि २५२ अश्वशक्तीचे होते, तर त्याच वेळी प्रमाण आवृत्तीचे इंजिन २.७ लिटर आणि २२० अश्वशक्तीपर्यंत वाढवण्यात आले. एस आवृत्तीत पाच गिअरऐवजी सहा गिअर आणि अधिक मोठे ब्रेक होते. १०० किलोमीटरचा वेग ती ५.९ सेकंदांत गाठत असे, तर प्रमाण आवृत्तीला ६.६ सेकंद लागत. तेव्हापासून बॉक्स्टरच्या आणि २००५ मध्ये आलेल्या, बंद छताच्या केमनच्या प्रत्येक पिढीत प्रमाण आणि एस अशी जोडी कायम राहिली, आणि पुढे तिच्यात जीटीएस, स्पायडर, जीटी४ अशा नावांची भर पडत गेली.

या आवृत्त्यांमधील फरक समजून घेण्यासाठी तीन संज्ञा स्पष्ट असायला हव्यात. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दांड्याला मिळणारा पीळ. त्याचे माप न्यूटन-मीटर असून, गिअर न बदलता पाय दाबताक्षणी गाडी किती जोराने पुढे सरकेल, हे मुख्यतः त्यावर ठरते. अश्वशक्ती हा टॉर्क आणि इंजिनाच्या फिरण्याचा वेग यांचा गुणाकार असल्याने इंजिन वरच्या फेऱ्यांवर फिरवले तरच ती पूर्णपणे हाती येते. तिसरी संज्ञा शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराची, म्हणजे दर टन वजनामागे किती अश्वशक्ती मिळते याची. २०१६ मध्ये आलेल्या ७१८ या पिढीत मॅन्युअल गिअरच्या प्रमाण केमनचे वजन १,३३५ किलो आणि शक्ती ३०० अश्वशक्ती होती, म्हणजे दर टनामागे सुमारे २२५. एस आवृत्तीचे वजन १,३५५ किलो आणि शक्ती ३५० अश्वशक्ती, म्हणजे दर टनामागे सुमारे २५८. टॉर्कचे आकडे अनुक्रमे ३८० आणि ४२० न्यूटन-मीटर होते. ताशी १०० किलोमीटरसाठी प्रमाण आवृत्तीला ५.१ आणि एसला ४.६ सेकंद लागत, तर कमाल वेग ताशी २७५ आणि २८५ किलोमीटर होता. ज्या अर्ध्या सेकंदासाठी ग्राहक अधिक किंमत मोजतो, तो अर्धा सेकंद सपाट, कोरड्या आणि रिकाम्या रस्त्यावर इंजिन पूर्ण ताणल्यावरच मिळतो.

या अर्ध्या सेकंदाचे मोल पारखायचे असेल, तर वेगवेगळ्या पिढ्या शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. २०१२ साली आलेल्या बॉक्स्टर एसचे सहा सिलिंडरी इंजिन ३१५ अश्वशक्तीचे आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्कचे होते, आणि मॅन्युअल गिअरसह तिला १०० किलोमीटरसाठी ५.१ सेकंद लागत. चारच वर्षांनी आलेल्या ७१८ बॉक्स्टरच्या प्रमाण आवृत्तीने टर्बोच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूंच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्रणेच्या साहाय्याने तीच वेळ नोंदवली, आणि टॉर्कमध्ये तर जुन्या एसला मागे टाकले. २०१२ मध्ये ज्या गाडीला वेगवान म्हणून अधिक पैसे मोजले गेले, तिच्या तोलाची गाडी २०१६ मध्ये प्रमाण ठरली. १९९९ ची एस तर या नव्या प्रमाण आवृत्तीच्या बरीच मागे पडली. यावरून हे स्पष्ट होते की ‘वेगवान’ हे विशेषण त्या-त्या वर्षाच्या विक्रीपत्रकापुरते खरे असते. १९९९ ची बॉक्स्टर एस तिच्या चालकाला पुरेशी वेगवान वाटत होती, तर तिच्याहून वेगवान असलेली २०१६ ची प्रमाण गाडी अपुरी वाटण्याचे कारण रस्त्यावर सापडत नाही. ते शेजारच्या महाग आवृत्तीशी होणाऱ्या तुलनेत सापडते.

सुट्टीच्या गाडीचा खरा आनंद वळणांत असतो, आणि वळणावर इंजिनाच्या आकड्यांपेक्षा टायरची पकड आणि सस्पेन्शनचे गुण अधिक निर्णायक ठरतात. ७१८ च्या प्रमाण आवृत्तीत १८ इंची चाके होती आणि एसमध्ये १९ इंची. परंतु टायरची रुंदी दोन्हींमध्ये सारखीच, पुढे २३५ आणि मागे २६५ मिलिमीटर होती. फरक होता तो टायरच्या भिंतीच्या उंचीत, आणि तिथे उंच भिंतीचा टायर खड्डे व सांधे अधिक चांगले पचवतो, तर कमी उंचीचा टायर स्टीअरिंगला किंचित जास्त तत्परतेने प्रतिसाद देतो. तात्पर्य, घाटातील एकाच वळणावर दोन्ही गाड्या जवळपास एकाच वेगाने जाऊ शकतात, आणि त्यांच्यातील अंतर पडते ते पुढच्या सरळ पट्ट्यावर.

त्या सरळ पट्ट्यावरही वेगाला मर्यादा असते. जर्मनीत गावाबाहेरच्या सामान्य रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि महामार्गाच्या ज्या भागांवर बंधन नाही तिथेही १३० किलोमीटरचा वेग शिफारस म्हणून सांगितलेला आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १०० ऐवजी १२० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत ४४ टक्के अधिक ऊर्जा साठलेली असते आणि ब्रेक लावल्यानंतर तिला थांबायला लागणारे अंतरही साधारण तेवढेच वाढते. शक्तिशाली गाडी ही वाढ चालकाच्या लक्षात येण्याआधीच घडवून आणते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. सार्वजनिक रस्त्यावरील जादा शक्तीचा विचार करताना महाराष्ट्रातील वाचकाला ही घटना विसरता येणार नाही. रस्ता इतरांचाही आहे, ही जाणीव गाडीच्या निवडीपासूनच सुरू व्हायला हवी.

प्रमाण इंजिन आणि उत्तम सस्पेन्शन एकत्र असू शकतात, याचा पुरावा कंपनीनेच दिला. डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ७१८ टी या आवृत्तीत इंजिन प्रमाण गाडीचेच, दोन लिटरचे आणि ३०० अश्वशक्तीचे होते; पण तिची उंची २० मिलिमीटरने कमी केलेली होती, रस्त्यानुसार कडकपणा बदलणारे सस्पेन्शन तिला दिले होते, आणि मागच्या चाकांना शक्ती वाटून देताना एक चाक व्यर्थ फिरू नये याची काळजी घेणारे मर्यादित-घसरण डिफरन्शियलही तिच्यात होते. सरळ रेषेतील वेगापेक्षा वळणातील नेमकेपणा ज्याला हवा आहे, त्याने पैसे इंजिनावर न घालता चौकटीवर घालावेत, हा विचार या आवृत्तीच्या मुळाशी होता, आणि सुट्टीच्या चालकासाठी तो अत्यंत योग्य आहे.

येथवरचा युक्तिवाद प्रमाण आवृत्तीच्या बाजूने झुकणारा असला, तरी एक भेद विसरून चालणार नाही. दोन आवृत्त्यांतील फरक कधी केवळ प्रमाणाचा असतो, तर कधी तो जातीचा असतो. ७१८ ची प्रमाण आवृत्ती आणि एस या दोन्हींमध्ये चार सिलिंडरी टर्बो इंजिनच होते. एसचे इंजिन अडीच लिटरचे आणि त्याचा टर्बो अधिक सफाईदार असला, तरी दोघांचा स्वभाव एकच होता, आणि जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाचा आवाज हरवल्याची तक्रार दोघांच्याही वाट्याला आली. २०२० मध्ये आलेल्या जीटीएस ४.० मध्ये मात्र चार लिटरचे, टर्बोविना चालणारे सहा सिलिंडरी इंजिन परतले. त्याची शक्ती ४०० अश्वशक्ती होती आणि ते ७,८०० फेऱ्यांपर्यंत फिरत असे. टॉर्कचा आकडा एसइतकाच, ४२० न्यूटन-मीटर होता. पण तो ५,००० फेऱ्यांनंतर मिळत असल्याने इंजिन वर नेण्याची, त्याचा चढता आवाज ऐकण्याची आणि योग्य क्षणी गिअर बदलण्याची कला चालकाकडे परत आली. या आवृत्तीसाठी जास्त पैसे मोजणारा ग्राहक वेगळ्या जातीचा अनुभव घेतो, आणि तो अनुभव कमी वेगातही काही अंशी मिळतो. मर्यादा एवढीच की मॅन्युअल आवृत्तीचे गिअर लांब आहेत. दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ताशी १३० किलोमीटरच्या आसपास पोहोचते, आणि म्हणून इंजिनाची पूर्ण धाव सामान्य रस्त्यावर क्वचितच अनुभवता येते.

२०१९ मध्ये आलेल्या जीटी४ ची जागा त्याही पलीकडची आहे. ४२० अश्वशक्तीचे इंजिन, ३० मिलिमीटरने कमी केलेली उंची, आणि गाडी जमिनीकडे दाबून धरणारे मागचे मोठे पंख, ही सारी योजना शर्यतीच्या बंद ट्रॅकसाठी आहे. जो चालक वर्षातून अनेकदा न्युर्बुर्गरिंगच्या सुमारे २०.८ किलोमीटरच्या प्रसिद्ध उत्तर वळशावर किंवा आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर गाडी नेतो, त्याला या शक्तीचा आणि या ब्रेकचा पुरेपूर उपयोग होतो. इतरांसाठी ती कडक, खालून घासणारी आणि आपले गुण झाकून ठेवणारी गाडी ठरते.

७१८ च्या पेट्रोल आवृत्त्यांचे उत्पादन २०२५ मध्ये थांबल्यामुळे यापुढची निवड वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातच करावी लागणार आहे, आणि तिथे मागच्या बाजूस लिहिलेल्या अक्षरापेक्षा गाडीचे वर्ष व देखभालीची नोंद अधिक महत्त्वाची असते. सुरुवातीच्या दोन पिढ्यांच्या इंजिनांत मधल्या दांड्याचे बेअरिंग निकामी होऊन संपूर्ण इंजिन नादुरुस्त होण्याचा धोका होता, आणि हा धोका प्रमाण व एस या दोन्ही आवृत्त्यांना सारखाच लागू होता. २००९ साठी आलेल्या नव्या इंजिनांत ही रचनाच काढून टाकण्यात आली. म्हणून नोंदी नसलेल्या जुन्या एसपेक्षा नीट सांभाळलेली, नव्या इंजिनाची प्रमाण गाडी केव्हाही श्रेष्ठ होय. टायरचेही तसेच : कमी चाललेल्या गाडीचे टायर वरून नवे दिसले तरी वयाने कडक झालेले असू शकतात, आणि असा टायर कोणत्याही आवृत्तीची पकड निकामी करतो.

भारतीय ग्राहकाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पूर्ण बांधणीच्या आयात गाडीवरील शुल्क किमतीच्या टक्केवारीने आकारले जात असल्यामुळे परदेशात माफक वाटणारा दोन आवृत्त्यांमधील फरक इथे येईपर्यंत कित्येक लाखांनी फुगतो. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० आणि समृद्धी महामार्गावर १२० किलोमीटरची मर्यादा असताना, आणि बाहेर पडताच उंच गतिरोधक समोर येत असताना, कमी उंचीच्या व अधिक शक्तीच्या आवृत्तीचा लाभ घटतो आणि तिचा त्रास मात्र वाढतो.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक रस्त्यावरच गाडी चालवणाऱ्याने प्रमाण आवृत्ती घ्यावी, शक्य असल्यास टीसारख्या चांगल्या सस्पेन्शनसह, आणि वाचलेले पैसे उत्तम टायर, वेळेवर देखभाल आणि बंद ट्रॅकवरील प्रशिक्षण यांवर खर्च करावेत. ज्याचे मन इंजिनाच्या आवाजात आणि स्वभावात गुंतले आहे, त्याने मधल्या पायरीवर न थांबता सहा सिलिंडरी जीटीएस ४.० पर्यंत वाट पाहावी. आणि ज्याचे खरे क्षेत्र ट्रॅक आहे, त्याच्यासाठी जीटी४ आहे. एस ही आवृत्ती त्यातल्या त्यात त्यांच्या कामाची, ज्यांच्या वाटेत वेगाचे बंधन नसलेले जर्मन महामार्ग नेहमी येतात. निर्णय करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, कायद्याच्या मर्यादेत, आधी प्रमाण गाडी चालवून पाहावी. तिथे तिची शक्ती खरोखरच कमी पडली, तरच पुढच्या आवृत्तीच्या किमतीकडे वळावे.