दूरच्या कोठीतील पत्रे घरच्या पेटीत

आपल्या गावांतील पुष्कळ घरांत अजूनही पत्र्याची एक जुनी पेटी असते. बोटीवर गेलेल्या तारवटी आजोबांची किंवा आखातात नोकरीस असलेल्या काकांची पत्रे तीत सुतळीने बांधून ठेवलेली असतात. कागद पिवळा पडला, शाई फिकी झाली, तरी पत्र घरात आहे, आणि ते वाचावयास कोणाची परवानगी लागत नाही. त्याच घरातील आजच्या पिढीची पत्रे मात्र घरात नाहीत. मुलाने जहाजावरून पाठविलेला मजकूर, दुबईहून आलेली नातवंडांची छायाचित्रे, जमिनीच्या कागदांच्या नकला, धर्मग्रामाच्या कार्यालयातून मागविलेला बाप्तिस्म्याचा दाखला, हे सारे ईमेलने येते आणि कोठे तरी दूर एखाद्या कंपनीच्या यंत्रांवर साठून राहते. आपण ब्राउझर उघडतो, पासवर्ड सांगतो, त्या कोठीत जाऊन पत्र वाचतो आणि परत फिरतो. या व्यवस्थेस वेबमेल म्हणतात.

प्रारंभी ही रीत नव्हती. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र धाडले आणि पत्त्यात ते सुप्रसिद्ध ॲट चिन्ह घातले. पुढे घरोघरी संगणक आले, तेव्हा लोक आपली पत्रे आपल्याच संगणकावर उतरवून घेत. ४ जुलै १९९६ रोजी भारतातून अमेरिकेस शिकावयास गेलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले, आणि जगातील कोणत्याही संगणकावरून आपले टपाल पाहता येऊ लागले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले होते; बहुतेकांच्या घरी संगणक नव्हता, सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसावे लागे. अशा लोकांस वेबमेल हे वरदानच वाटले. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले आणि एक गिगाबाइट जागा फुकट मिळू लागल्यावर पत्रे घरी आणण्याची सवय जवळजवळ मोडली.

सोय मोठी झाली हे खरे. परंतु कोठी परक्याची आहे, आणि तिचे नियमही त्याचेच. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतील मजकुरासह काढून टाकली जातील, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून हा नियम लागू झाला. फुकट जागा १५ गिगाबाइट मिळते, परंतु तीत छायाचित्रे व इतर फायलीही मोजल्या जातात. ती भरली की नवे पत्र येणेच थांबते. याहूनही अधिक वेळा घडणारी गोष्ट निराळी. परदेशातील माणूस नोकरी संपवून घरी येतो, तिकडचे सिमकार्ड टाकून देतो, आणि पुढे पासवर्ड विसरला की ओळख पटविण्याचा आकडा त्या बंद झालेल्या क्रमांकावर जात राहतो. पत्रे जागच्या जागी असतात. मालकास मात्र आत प्रवेश नाही.

यावर उपाय जुनाच आहे. घरच्या संगणकावर पत्रांचा स्वतंत्र प्रोग्राम घालावा आणि वेबमेलचे खाते त्यास जोडून द्यावे. विंडोजबरोबर मिळणारा मेल नावाचा प्रोग्राम ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला, म्हणून त्याच्या शोधात वेळ घालवू नये. थंडरबर्ड हा प्रोग्राम मोझिलाकडून २००४ पासून मिळत आहे. त्यास पैसे पडत नाहीत, आणि विंडोज, लिनक्स व मॅक अशा तिन्हींवर तो चालतो. तो घेताना मोझिलाच्याच ठिकाणावरून घ्यावा.

मात्र खाते जोडण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेणे अत्यावश्यक आहे. जोडणी करताना प्रोग्राम विचारतो, आयमॅप की पॉप? बहुतेक लोक न वाचता पुढे जातात, आणि पुढचे सगळे नुकसान या एका प्रश्नातून उत्पन्न होते.

पॉप ही १९८४ सालची रीत. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून जोडणी व्हावयाची आणि प्रत्येक मिनिटास पैसे पडावयाचे. म्हणून संगणकाने टपाल कचेरीत जावे, पिशवी उचलावी आणि घरी यावे, असा तिचा बेत आहे. पत्र घरी आल्यावर कचेरीतील प्रत ठेवावयाची की पुसावयाची, हे आपण सांगावयाचे असते. आयमॅप ही त्यानंतरची. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ती रचली. हिच्यात पत्र कचेरीतच राहते आणि घरचा संगणक त्या कपाटाचे जणू आरशातील प्रतिबिंब दाखवितो. मोबाईलवर एखादे पत्र वाचले की संगणकावरही ते वाचलेले दिसते. घरातील दोघे-तिघे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकच खाते पाहत असतील तर हीच रीत सोयीची, आणि सर्वसाधारण कुटुंबाने आयमॅपच निवडावी असे माझे मत आहे.

परंतु आरशाचा धर्म विसरू नये. कपाटातील वस्तू काढली की आरशातीलही जाते. कित्येक जण खाते जोडतात, सगळी पत्रे संगणकावर दिसू लागतात, आणि त्यांस वाटते की आता घरी प्रत आली, तिकडची पुसून जागा मोकळी करावी. ती पुसताच घरचीही पुसली जातात. जीमेलच्या कचऱ्याच्या पेटीत ती तीस दिवस पडून असतात. त्या अवधीत चूक ध्यानात आली तर परत काढता येतात, नंतर नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. जीमेलचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे तेच अधिक आढळते. तेथे आयमॅपचे दार जानेवारी २०२५ पासून कायम उघडे असते, पूर्वीप्रमाणे सेटिंग्जमध्ये जाऊन ते उघडावे लागत नाही. थंडरबर्ड प्रथम सुरू केला की तो नाव आणि ईमेलचा पत्ता विचारतो. पत्ता दिला की कंपनीच्या यंत्रांची नावे तो स्वतःच शोधून काढतो. आयमॅपवर खूण करून पुढे जावे. मग गूगलची खिडकी उघडते; तीत पासवर्ड द्यावा, मोबाईलवर विचारणा आल्यास होकार द्यावा, आणि शेवटी ‘अलाऊ’ म्हणजे अनुमती दाबावी. झाले. क्वचित प्रसंगी माहिती हाताने भरावी लागते. तेव्हा येणाऱ्या टपालासाठी ‘आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम’ व पोर्ट ९९३, आणि जाणाऱ्यासाठी ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’ व पोर्ट ४६५ असे इंग्रजी अक्षरांत लिहावे.

ज्यांच्या संगणकावर एखादा जुनाट प्रोग्राम आहे, त्यांचा अनुभव निराळा असतो. पासवर्ड अचूक देऊनही तो नाकारला जातो. मग माणूस पासवर्ड बदलतो, पुन्हा नकार मिळतो, पुन्हा बदलतो, आणि अखेरीस खरा कोणता हेच त्यास आठवत नाही. दोष पासवर्डाचा नसतो. परक्या प्रोग्रामकडून आलेला साधा पासवर्ड स्वीकारणे गूगलने ३० मे २०२२ पासून बंद करण्यास प्रारंभ केला, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक व हॉटमेल खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तोच मार्ग धरला. हेतू चांगला आहे: आपला पासवर्ड प्रोग्रामच्या हाती न जाता थेट कंपनीच्या खिडकीतच दिला जावा. ज्या प्रोग्रामला ही नवी रीत येत नाही त्याच्यासाठी गूगल सोळा अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ देते. त्यासाठी आधी दुहेरी पडताळणी चालू करावी लागते. तथापि जुन्या प्रोग्रामची मनधरणी करण्यापेक्षा नवा घेणे बरे.

जोडणी होताच बरीच वर्षांची पत्रे उतरू लागतात. मोबाईलच्या डेटावर संगणक चालवीत असाल तर दिवसाचा डेटा त्यातच संपेल, हे ध्यानात ठेवून निवांत वेळ निवडावा. जीमेलमध्ये एकच पत्र ‘इनबॉक्स’मध्येही दिसते आणि ‘ऑल मेल’मध्येही. ती दोन पत्रे नव्हेत, एकाच पत्रास लावलेल्या दोन चिठ्ठ्या आहेत; जादा प्रत समजून कोणी पुसू नये.

एवढ्यावर थांबल्यास मात्र आपल्या हाती केवळ आरसा येतो, पेटी नव्हे. थंडरबर्डच्या डाव्या बाजूस अगदी खाली ‘लोकल फोल्डर्स’ असा एक विभाग असतो. त्यात जे ठेवू ते आपल्या संगणकाचेच. त्याचा कंपनीच्या कोठीशी संबंध नाही. तेथे कुटुंबातील एकेकाच्या नावाने कप्पे करावेत आणि जपून ठेवावयाची पत्रे निवडून त्यांत घालावीत. पत्रावर उजवे बटण दाबल्यावर ‘मूव्ह’ आणि ‘कॉपी’ असे दोन पर्याय येतात. कॉपीच करावी, मूव्ह केल्यास पत्र कोठीतून उचलले जाते आणि मोबाईलवर दिसेनासे होते. सगळीच पत्रे साठविण्याचा हव्यास धरू नये. बँकांच्या जाहिराती आणि दुकानांची आमंत्रणे उद्या कोणी वाचणार नाही.

काम खरोखर झाले की नाही हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. इंटरनेट बंद करावे आणि कप्प्यातील एखादे जुने पत्र, त्यास जोडलेल्या छायाचित्रासह, उघडून पाहावे. उघडले तर ते घरात आले.

संगणकही बिघडतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावाने तर हमखास बिघडतो. यास्तव दर दोन-तीन महिन्यांनी थंडरबर्ड बंद करून त्याचे प्रोफाइल फोल्डर एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. ते कोठे आहे हे प्रोग्रामच्या ‘हेल्प’ यादीतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये सापडते. ती डिस्क संगणकाजवळ न ठेवता कपाटात ठेवावी. संगणकास स्वतःचा पासवर्डही असावा, कारण एकदा जोडलेले खाते पुन्हा काही विचारीत नाही आणि जो खुर्चीवर बसेल तो पत्रे वाचू शकतो. शाळेतील, कचेरीतील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर ही जोडणी करूच नये.

घरी प्रत असली तरी मूळ खाते जिवंत ठेवणे अगत्याचे आहे. काही महिन्यांनी एकदा ब्राउझरमधून आत जाऊन यावे आणि तेथे नोंदलेला मोबाईल क्रमांक तपासावा. परदेशातून कोणी कायमचे घरी परतत असेल, तर निघण्यापूर्वी, तिकडचे सिमकार्ड चालू असतानाच, खात्यातील क्रमांक बदलून घरातल्या एखाद्या माणसाचा घालावा. कार्ड त्यानंतर टाकावे.