लॅमिंग्टन रोड: वेगाची पारख

ऑपेरा हाऊसपासून मुंबई सेंट्रलच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे. गिऱ्हाईक मात्र अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतं. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ या चित्रपटगृहांनी गाजवलेल्या या रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांचा धंदा रुजला आणि पुढे मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस आले. ब्रँडेड कॉम्प्युटर परवडत नव्हता तेव्हा गिरगाव, दादर, परळच्या कितीतरी घरांत पहिलं मशीन आलं ते इथून, असेंबल करून. कुठला भाग घ्यायचा आणि का, याचा हिशेब त्या घरांनी इथल्या काउंटरवर उभं राहून शिकला. ही या बाजाराची मोठी देणगी आहे.

आज या हिशेबात एक अवघड जागा आहे. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सर्व्हर आणि वर्कस्टेशन बदलतात आणि त्यांतले प्रोसेसर जुन्या बाजारात येतात. इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा त्यांतलाच. २०१६ सालचा; १४ कोअर, २८ थ्रेड, ३५ एमबी कॅश, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. त्याच्यासमोर २०२२ सालचा घरगुती कोअर आय५-१२४००: ६ कोअर, १२ थ्रेड, १८ एमबी कॅश, पण वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. चौदा मोठे की सहा? मोजणी कोअरचीच असती तर प्रश्न तिथेच मिटला असता.

लालबाग-परळमध्ये हा फरक गिरणीच्या भाषेत चटकन कळेल. कापडखात्याचं उत्पादन एका साच्याच्या वेगावर ठरत नसे. एकाच वेळी किती साचे चालतात, त्यांना सूत वेळेवर मिळतं का आणि तिन्ही पाळ्यांत खातं बंद पडत नाही ना, यावर ते ठरे. सर्व्हर प्रोसेसर याच तीन गोष्टींसाठी घडवलेला असतो. म्हणून त्यात कोअर जास्त, मेमरीकडून माहिती आणणारे मार्ग जास्त, आणि मेमरीत एखादा बिट उलटला तर तो ओळखून दुरुस्त करणाऱ्या ईसीसी रॅमची सोय. डेस्कटॉप प्रोसेसर एका माणसासाठी असतो. बटण दाबल्यावर उत्तर लगेच यावं, ही त्याची पहिली जबाबदारी.

दोन्हींची माती मात्र वेगळी असतेच असं नाही. एएमडीचा डेस्कटॉपसाठीचा रायझन ९ ५९५०एक्स आणि सर्व्हरसाठीचा एपिक ७७६३ या दोन्हींत झेन ३ जातीच्या, आठ कोअरच्या चकत्या आहेत. रायझनमध्ये त्या दोन, म्हणजे १६ कोअर. एपिकमध्ये आठ, म्हणजे ६४. पण रायझनचा एक कोअर ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, एपिकचा ३.५ पर्यंत. एका चिपमध्ये ६४ कोअर कोंबले की उष्णता आवरावी लागते, म्हणून प्रत्येकाला लगाम. बदल्यात एपिकला मेमरीचे आठ चॅनल मिळतात, रायझनला दोन. डीडीआर४-३२०० रॅम लावली तर एपिकला सेकंदाला २०४.८ जीबीपर्यंत माहिती मिळू शकते, रायझनला ५१.२. हजारो लोक एकदम वापरत असलेल्या डेटाबेसला हा चौपट पुरवठा लागतो. पत्र टाइप करणाऱ्याला तो कधी जाणवणारही नाही.

कोअर वाढवले की काम त्याच प्रमाणात लवकर होतं, हा समज जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्येच खोडून काढला. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येतो आणि १० टक्के एकामागून एकच करावा लागतो असं धरा. १६ कोअर लावले तर काम ६.४ पट लवकर होतं. ६४ लावले तर जेमतेम ८.८ पट. कोअर कितीही वाढवा, दहापटीच्या पुढे मजल जात नाही. उरलेल्या दहा टक्क्यांना एका कोअरचा वेगच कामी येतो.

याचं उत्तम उदाहरण दलाल स्ट्रीटवर आहे. मुंबई शेअर बाजारात १९९५ साली 'बोल्ट' ही संगणकीय प्रणाली आली आणि रिंगणातला आरडाओरडा थांबला. तिथे आधी किंमत आणि मग वेळ, या क्रमाने सौदे जुळतात. वेगवेगळे शेअर वेगवेगळ्या कोअरना वाटता येतात. पण एकाच शेअरच्या ऑर्डरी रांगेनेच घ्याव्या लागतात, नाहीतर न्याय होत नाही. म्हणजे सर्व्हरच्या दुनियेतसुद्धा काही ठिकाणी एका कोअरचीच चपळाई निर्णायक ठरते.

म्हणूनच मोजमापंही दोन आहेत. १९८८ साली स्थापन झालेली स्पेक ही संस्था प्रोसेसरच्या प्रमाणित चाचण्या ठरवते. तिच्या सीपीयू २०१७ या संचात 'स्पीड' चाचणी एक काम किती वेळात होतं ते पाहते. 'रेट' चाचणी एकाच वेळी अनेक प्रती चालवून एकूण किती काम उरकलं ते मोजते. एका आकड्याचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला देणं ही जाहिरातीतली नेहमीची चलाखी आहे. विकत घेणाऱ्याने ती ओळखायलाच हवी.

आता पुन्हा काउंटरवर. दादरच्या डीटीपीवाल्याचं पान जुळवणं, वास्तुविशारदाचं ऑटोकॅड, हिशेबनिसाचं टॅली या कामांत बराच भार एका कोअरवर पडतो. तिथे नवा आय५ जुन्या झिऑनला सहज मागे टाकतो. झिऑनच्या माहितीपत्रकातला ३.३ गिगाहर्ट्झचा कमाल वेग मोजकेच कोअर कामात असताना मिळतो. सगळे राबू लागले की तो उतरतो. शिवाय नव्या कोअरला प्रत्येक ठोक्यात जास्त काम उरकता येतं, त्यामुळे सगळे कोअर वापरणाऱ्या अनेक चाचण्यांतही सहा कोअरचा हा आय५ चौदांच्या बरोबरीला येतो. झिऑनची आखीव उष्णता १२० वॉट, आय५ची ६५. वीजबिल आणि पंख्याचा आवाज रोजचाच. विंडोज ११च्या अधिकृत यादीतही हा झिऑन नाही.

तरीही झिऑन टाकाऊ नाही. ज्याला भरपूर ईसीसी रॅम कमी पैशांत हवी, एका मशीनवर पाच-सहा आभासी मशीनं चालवून सर्व्हरचं काम शिकायचं आहे, तीन-चार ग्राफिक कार्डं जोडायची आहेत, त्याला आय५ अपुरा पडेल. झिऑनच्या ४० पीसीआय एक्सप्रेस लेन आणि मेमरीचे चार चॅनल तिथे उपयोगी येतात. शिकणाऱ्या मुलाला एवढ्या स्वस्तात अशी प्रयोगशाळा दुसरीकडे मिळणं कठीण.

चांगला दुकानदार किमतीआधी विचारतो, "करना क्या है मशीन पे?" या प्रश्नाचं नेमकं उत्तर तयार ठेवून जावं. आपली रोजची सर्वांत जड फाइल पेनड्राइव्हवर न्यावी, शक्य असेल तिथे दोन्ही मशीनवर उघडावी, सेव्ह करावी आणि टास्क मॅनेजरमध्ये किती कोअर खरोखर राबतात ते बघावं. एकच कोअर धापा टाकत असेल तर वेग विकत घ्यावा. सगळेच भरले असतील तर कोअर.