हिराइसेचा पाठ

या आठवड्यात जात्यावरच्या ओव्या यायच्या होत्या. त्या पुढच्या खेपेस. मध्येच पुंडलिकनगरातून एक प्रश्न आला आणि प्रस्तुत लेखकाचे सगळे वेळापत्रक कोलमडले.

विचारणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक. नातू पुण्यात, त्याला ते रोज रात्री फोनवर एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवतात. परवा आपल्या वस्तीच्या नावावरून त्यांनी पुंडलिक निवडला. आईवडिलांचे पाय चेपणारा मुलगा, दारात आलेला देव, भिरकावलेली वीट. सकाळी नातवाचा निरोप हजर : ‘आबा, यूट्यूबवरचा पुंडलिक तर आधी आईवडिलांना छळतो. बायकोला घोड्यावर बसवतो आणि म्हाताऱ्यांना पायी चालवतो. खरी गोष्ट कुठली?’

आबांनी तो प्रश्न जसाच्या तसा इकडे पाठवला.

यूट्यूबवाल्याने पदरचे काही घातलेले नाही. काशीच्या वाटेवरचा कुक्कुट ऋषींचा आश्रम, पहाटे मळक्या वस्त्रांनी येऊन तिथे झाडलोट करणाऱ्या आणि लख्ख होऊन बाहेर पडणाऱ्या गंगा-यमुना-सरस्वती, त्यांनी पुंडलिकाला सुनावलेले चार शब्द, हे सारे जुन्या माहात्म्यकथेतलेच. आबांनी सांगितला तो उत्तरार्ध. पूर्वार्ध गाळला की पुंडलिक जन्मापासूनच शहाणा ठरतो आणि ऐकणारे पोर जांभया देऊ लागते, हे लेखकाचे खासगी मत. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ उघडला तर एकाच देवाभोवती किती निरनिराळ्या कथा गोळा झाल्या आहेत, ते पाहून आबांची झोप उडेल. ‘लीळाचरित्रा’त तर गाईंच्या धाडीत पडलेल्या एका वीराची कथा विठ्ठलाच्या नावावर येते. आबांच्या गोष्टीहून ती अगदी निराळी.

‘लीळाचरित्र’ हा शब्द आला आणि लेखक तिथेच अडकला.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांची माणसे रिद्धपूरला जमली. हातात उरल्या होत्या त्या आठवणी. म्हाइंभट हा पंडित माणूस, एके काळी स्वामींशी वाद घालायला आलेला. त्यानेच या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले, त्यांना गाठायचे, विचारायचे आणि लिहून घ्यायचे. त्यात बायका होत्या आणि साधीसुधी माणसेही होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ हे मराठी गद्यातले पहिले चरित्र उभे राहिले ते असे.

पुढे यादवांचे राज्य गेले, धावपळीत पोथ्या हरवल्या, आणि शिष्यांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा लिहिला. अर्थातच आठवणी जुळेनात. आजचा संपादक अशा वेळी एक पाठ ठेवतो आणि बाकीचे टोपलीत टाकतो. महानुभावांनी पाठभेद पोथीतच ठेवले, त्यांना ‘वासना’ म्हटले आणि सांगणाऱ्याचे नावही टिपले. हा हिराइसेचा पाठ, हा रामेश्वरबासांचा, हा परशरामबासांचा. ज्याला आपण देव मानतो त्याच्याविषयी लिहिताना ‘अमकी हे निराळे सांगते’ अशी नोंद ठेवायला छाती लागते. त्यातला एक पाठ बाईच्या नावाने चालतो, हेही नजरेआड करू नये.

ठिकाणांचीही तीच गत. पुढच्या काळातल्या ‘स्थानपोथी’त स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला बसले, याच्या दिशेनिशी नोंदी आहेत. त्यात आपले पैठण आहे, वेरूळही आहे. आबांच्या नातवाच्या भाषेत, लोकेशन आधीच पाठवून ठेवलेले.

महानुभावांना शिकवण द्यायची नव्हती असे नाही. त्यांच्यातल्या केशोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त 114 दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाची बांधणी तीन पायांची : आधी स्वामींचे सूत्र, मग गोष्ट, मग ती सूत्राला कशी लागू पडते ते सांगणारा दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपणारे आंधळे तिथेच भेटतात. आता फोनवर रोज येणाऱ्या बोधकथा पाहा. गोष्ट असते, तळाला ठळक अक्षरांत तात्पर्य असते, शेजारी हात जोडल्याचे चित्र असते. मूळ बोलणारा मात्र गायब. नाहीतर नाव असते आणि तेही भलत्याचेच. एप्रिल 2020 मध्ये रतन टाटांच्या नावाने एक उमेदीचा मजकूर देशभर फिरला, तेव्हा हे आपण बोललेलो नाही आणि लिहिलेलेही नाही, असे खुद्द टाटांना जाहीर करावे लागले. मजकूर चांगलाच होता. पण तो त्यांचा नव्हता.

निनावी गोष्ट कुठवर जाते, हे महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारे. अफवा फोनवरून फोनवर गेली होती. ‘हे तुला कुणी सांगितले?’ असे विचारायला मध्ये कुणी थांबले नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. निरोप ढकललेला आहे एवढे त्या खुणेवरून कळते. ढकलणाऱ्यांच्या रांगेत पहिला कोण, ते कळत नाही. हिराइसा तिथे सापडायची नाही.

लेखकाने आबांना फोनवर एवढेच सुचवले की, दोन्ही गोष्टी पाठवा आणि कोणती कुणाकडून ऐकली ते आधी सांगा. चार दिवसांनी त्यांचा नवा ध्वनिमुद्रित निरोप आला. सुरुवातीलाच आबा सांगतात : ही गोष्ट मला माझ्या आईने सांगितली, ज्वारीच्या खळ्यावर; तिच्या गोष्टीत काशी नव्हती, वीट मात्र होती. मग माहात्म्यातली गोष्ट येते, घोडा आणि झाडलोट करणाऱ्या नद्यांसकट. सात मिनिटांच्या त्या निरोपात मागे एकदा कुकरची शिट्टीही वाजते.

नातवाचे उत्तर आबांनी सोबत जोडले आहे. त्याला पुंडलिकाचे आता काही विचारायचे नाही. ‘खळं म्हणजे काय, आणि तुमच्या आईला कुणी सांगितली?’ एवढेच त्याला हवे आहे. दुसऱ्या प्रश्नाला आबांकडे अर्धेमुर्धे उत्तर आहे : दळताना, शेजारच्या बाईने. म्हणजे पुढच्या आठवड्यात जाते येणारच होते, ते आता आबांच्या घरातूनच यावे.