तपोवन : औषधाबरोबर छप्परही

राजापेठेतील व्यापारी कुटुंबांना औषधदान नवे नाही. परंतु कुष्ठरुग्णाची व्यथा औषधाने संपत नसे. रोग बरा झाला, तरी घराचे दार बंदच राही. मग मुक्काम रस्त्यावर. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी हे ओळखून १९४६ मध्ये अमरावतीलगत तपोवन उभारले. तेथे उपचारांसोबत निवारा मिळाला, हाताला कामही मिळाले. १९५९ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री लाभली. बहिष्कृतांना स्वतःचा पत्ता लाभला, ही त्याहून मोठी गोष्ट. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आहार, औषध, उपकरण यांच्या जोडीला आवासही दानात गणला आहे. तेथे संदर्भ मुनींच्या वैयावृत्त्याचा, हे खरे. तरीही समाजाच्या पावतीपुस्तकांत आवासाचा रकाना क्वचितच दिसतो.