किलिमांजारोची वाट निवडताना

शिखर एक आणि वाटा अनेक, हे वचन आपण परमार्थाच्या संदर्भात पुष्कळदा ऐकतो. टांझानियातील किलिमांजारो पर्वताच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. मात्र कोणत्याही वाटेने गेले तरी सारखेच, हा त्या वचनातील गर्भित अर्थ तेथे लागू पडत नाही.

आफ्रिका खंडातील हा सर्वोच्च पर्वत ५८९५ मीटर उंच आहे. शिरा, मावेन्झी आणि किबो या तीन ज्वालामुखींनी तो घडला. किबोच्या काठावरील सर्वोच्च बिंदूस 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य असे स्वाहिली नाव आहे. १८८९ साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी तो प्रथम गाठला. नेहमीच्या वाटांवर दोर किंवा हिमकुऱ्हाड लागत नाही. त्यामुळे गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण न घेतलेली माणसेही तेथे जातात आणि आपल्या घरांतील तरुणच नव्हेत, तर पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही आता त्याचे बेत आखताना दिसतात. अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो तो 'सर्वांत जवळची वाट कोणती?' हा, आणि घोटाळा होतो तो येथेच.

आपल्या परिचयाचे माप लावून पाहू. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. किलिमांजारोच्या मारांगू वाटेचे प्रवेशद्वारच सुमारे १८७० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईचा माथा जेथे संपतो, त्याच्याही वर येथील पहिले पाऊल पडते. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने निम्म्याच्या आसपास उरतो आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. या विरळ हवेची सवय शरीराला होते, पण ती आपल्या गतीने. पैलवानाच्या शरीरालाही तिच्यासाठी दिवस द्यावे लागतात. किंबहुना धडधाकट तरुण भरभर चढतो, म्हणून कित्येकदा त्यालाच आधी त्रास होतो. वैद्यकीय संकेत असा की, ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा.

हा संकेत हाती धरला की वाटांची परीक्षा सोपी होते. मारांगू ही सर्वांत जुनी वाट. तंबूऐवजी लाकडी निवाऱ्यांत झोपण्याची सोय हिच्यावरच आहे आणि चढही सौम्य आहे. परंतु मुक्काम पाहा : मांडारा सुमारे २७२०, होरोंबो ३७२० आणि किबो ४७२० मीटर. प्रत्येक रात्र हजार मीटरने वर! पाच दिवसांच्या बेतात चौथ्या पहाटेच शिखर गाठावे लागते. वाट सोपी, पण शरीराला अवधी नाही. याच वाटेवर होरोंबोला एक दिवस अधिक काढला, तर पुष्कळ फरक पडतो.

दक्षिणेकडील माचामे वाट अधिक खडी आहे. तिच्यावर बारांकोच्या कड्यावर हातांचाही आधार घ्यावा लागतो. मात्र तिची रचना शहाणपणाची आहे. दिवसा सुमारे ४६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढायचे आणि रात्री सुमारे ३९५० मीटरवरील बारांकोला उतरून झोपायचे. उंच चढावे, खाली झोपावे, हे गिर्यारोहकांचे जुने सूत्र येथे आपोआप पाळले जाते. पश्चिमेकडील लेमोशो वाट शिरा पठार ओलांडून पुढे याच वाटेला मिळते. तिला सात-आठ दिवस लागतात. केनियाच्या सीमेलगतची रोंगाई वाट उत्तरेकडून चढते. त्या अंगास पाऊस कमी पडतो, म्हणून ओल्या दिवसांत ती बरी. उंब्वे वाट अतिशय खडी व आखूड असल्याने नवख्याने तिच्या वाटेस जाऊ नये. वेस्टर्न ब्रीच या पश्चिमेकडील चढणीवर तर २००६ च्या जानेवारीत दरड कोसळून तीन अमेरिकन गिर्यारोहक मृत्युमुखी पडले होते. नवख्या माणसाने सात-आठ दिवसांची लेमोशो किंवा सात दिवसांची माचामे पसंत करावी, हे उत्तम.

मग आखूड बेत इतके का खपतात? कारण उद्यानाचे शुल्क दिवसागणिक भरावे लागते. दिवस कमी केला की जाहिरातीतील आकडा उतरतो. त्या वाचलेल्या दिवसाची किंमत प्रवाशाच्या फुप्फुसांना मोजावी लागते.

ऋतूचाही विचार हवा. तेथील मोठा पाऊस मार्च ते मे या काळात आणि धाकटा नोव्हेंबरच्या सुमारास येतो. म्हणजे आपल्या शाळांची उन्हाळ्याची सुटी नेमकी मोठ्या पावसात सापडते आणि दिवाळीची सुटी धाकट्या पावसाच्या उंबरठ्यावर. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर हे महिने चांगले. सुटीसाठी पर्वत बदलत नाही. रजाच तशी काढावी लागते.

परवानाधारक वाटाड्याशिवाय येथे चढता येत नाही. तो ठरवताना किमतीआधी तीन गोष्टी विचाराव्यात : एकूण दिवस किती, प्रत्येक मुक्कामाची उंची किती, आणि कोणी आजारी पडल्यास त्याला खाली नेण्याची व्यवस्था काय. हमालावर वीस किलोंहून अधिक ओझे लादू नये असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही, हेही विचारावे. जो आपल्या हमालांची काळजी घेतो, तो आपलीही घेईल.

डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे ही पहिली सूचना. ती लपवू नये आणि त्रास थांबेपर्यंत पुढे चढू नये. पाय लटपटणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही आज्ञा समजावी आणि मध्यरात्र असली तरी तत्काळ खाली उतरावे. औषधे वैद्याच्या सल्ल्याने जवळ असावीत, पण उतरण्याला पर्याय नाही. स्वाहिली वाटाडे पावलोपावली 'पोले पोले', म्हणजे सावकाश, सावकाश, असे बजावतात ते याचसाठी.

घरच्या वडीलधाऱ्यांचेही यात एक काम आहे. पैसा खर्च झाला, चारचौघांत बोलून झाले, आता शिखर गाठल्यावाचून तोंड कसे दाखवावे, हे ओझे पाठीवरच्या पिशवीपेक्षा जड असते आणि कित्येकांना ते भलत्या क्षणी पुढे ढकलते. ते निघण्यापूर्वीच उतरवून ठेवावे. अर्ध्यातून परतलास तरी घरात कोणी हसणार नाही, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे. आपल्याकडे उंबरठा ओलांडताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. किलिमांजारोची वाट निवडताना तेवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.